उमरेड–भिवापूर पट्ट्यातलं बंद नॅरोगेज स्टेशन: बांधलं केव्हा, हे कसं शोधायचं?

उमरेडपार

नमस्कार मंडळी. नागपूर–नागभीड छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून उमरेड आणि भिवापूरच्या मधलं आमचं लहानसं स्टेशन बेवारस पडून आहे. रूळ काढून नेले, ब्रॉडगेजचा भराव शेजारून गेला, जुनी इमारत मात्र अजून उभी आहे. दोन खोल्या, समोर ओटा, अर्धी कौलं, पाटीचे दोन खांब (पाटी नाही), थोडं पुढे दगडी चौथरा आणि फाटकाजवळ डांबरात गाडलेले हातभर रूळ.

ग्रामपंचायतीला तिथे माहितीफलक लावायचा आहे. गावात तीन उत्तरं फिरून राहिली: १८८०, १९०८ आणि "स्वातंत्र्याच्या आसपास". चुकीचं साल दगडावर कोरायचं नाही. प्रत्यक्ष जागेवर काय पाहायचं, कोणते कागद मागायचे आणि लोक यात कुठे चुकतात, जाणकारांनी सांगावं.

गेज७६२

१८८० आत्ताच खोडून टाका. नागपुरात रेल्वे आली १८६७ मध्ये, जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), बडनेऱ्याकडून. त्यानंतर १८७८च्या दुष्काळानंतर सरकारने नागपूर–छत्तीसगड मीटरगेज हाती घेतली, ती १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती विकत घेऊन ब्रॉडगेज केली. हा सगळा मार्ग कामठी, भंडारा, गोंदियाच्या अंगाने जातो. उमरेडशी त्याचा काही संबंध नाही. नागपूरच्या मोतीबागचा रेल्वे कारखाना १८७९चा आहे आणि पुढे तिथे नॅरोगेजची कामं होत राहिली, त्यामुळे "छोटी लाइन १८८०ची" हा समज नागपुरात पक्का बसलाय.

तुमची लाइन, म्हणजे अडीच फुटी नागपूर–नागभीड, १९०८ची. गोंदिया–नागभीडही त्याच वर्षीची आणि पुढे चांद्याकडचा (आताचं चंद्रपूर) तुकडा १९१३चा. पण १९०८ ही *मार्गाची* तारीख झाली. स्टेशनची तीच असेल असं नाही, गोची इथेच होते. एका स्टेशनला चार तारखा असतात: जमीन घेतली ती, मार्ग सुरू झाला ती, तिथे गाडी थांबायला लागली ती आणि आज दिसते ती इमारत उभी राहिली ती. छोट्या लाइनींवर दोन मोठ्या स्टेशनांमधले थांबे मागाहून, गावकऱ्यांच्या मागणीवरून मिळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. म्हणजे "स्वातंत्र्याच्या आसपास" म्हणणारा म्हाताराही खरं बोलत असू शकतो आणि १९०८वालाही.

आता रूळ. फाटकातले ते हातभर तुकडे पुन्हा डांबर पडायच्या आधी पाहून घ्या. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, ७६२ मिमी यायला हवं. मग रुळाचा प्रकार. उंचीवरून ठरवू नका, माथा झिजलेला असतो. बाजूची माती उकरून तळाची रुंदी मोजा, तळ सहसा झिजत नाही. साधारण १०० मिमी आली तर ५० पौंडी (यार्डाला ५० पौंड, शिक्का '५० आर'), १०९–११० आली तर ६० पौंडी, १२२ आली तर ७५ पौंडी. तळ गंजून पापुद्रे सुटले असतील तर दोन-तीन जागी मोजून सगळ्यात जास्त आलेलं माप धरा.

शिक्का असतो रुळाच्या उभ्या पट्टीवर, उठावाच्या अक्षरांत: वजन, कारखाना, महिना, वर्ष. महिना बहुधा रोमन आकड्यात. नव्या रुळांवर हा शिक्का दर दीड ते तीन मीटरवर येतो, त्यामुळे हातभर तुकड्यात तो सापडेलच असं नाही. सापडला तर तारेच्या ब्रशने *हलक्या हाताने* गंज काढा, ग्राइंडर अजिबात नको. वर खडू आडवा घासा आणि अंधार पडताना टॉर्च एका बाजूने तिरपा मारून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात, काही म्हणता काही दिसत नाही.

आणि हे लोक हमखास विसरतात: पाटीचे खांब पाहा. रेल्वेत जुना रूळ वाया जात नाही. बाद झालेले रूळ कापून कुंपणाचे, पाट्यांचे, फाटकाचे खांब करतात. स्टेशनातला सगळ्यात जुना शिक्का पुष्कळदा अशा खांबावरच मिळतो, कारण चालू मार्गावरचे रूळ पुढे बदलले जातात. खांब उलटा पुरलेला असू शकतो, तेव्हा अक्षरं उलटी वाचायची तयारी ठेवा.

फक्त रुळाचं वर्ष म्हणजे स्टेशनचं वर्ष नाही. दुसऱ्या मार्गावरचे वापरलेले रूळ आणून टाकणं नेहमीचं. '१९०५' सापडलं तर लाइन १९०५ची होत नाही. आणि '१९२६ टाटा' सापडलं तर एवढंच कळतं की तो तुकडा १९२६ नंतर तिथे आला. टाटांच्या कारखान्यात पोलाद निघालंच मुळी १९१२ मध्ये, म्हणजे १९०८च्या मूळ रुळावर टाटांचं नाव असणं शक्य नाही.

चुनासुरखी

इमारतीबद्दल. टेप मीटरचा न्या, पण हिशोब फुटांत करा. इंग्रजी काळातला नकाशा फूट-इंचांत काढलेला असतो, त्यामुळे मूळ खोली मोजली की ३.०५, ३.६६, ४.२७ मीटर असे विचित्र आकडे येतात. फुटांत ते १०, १२, १४ असे गोल बसतात. मोजमापाचा कायदा १९५६चा, मेट्रिक पद्धत प्रत्यक्ष रुळली साठच्या दशकात. म्हणून एक खोली फुटांत गोल आणि दुसरी मीटरमध्ये गोल (३.००, ३.५०) निघाली, तर दुसरी मागून जोडलेली आहे असं समजायला हरकत नाही. दोन खोल्यांच्या स्टेशनात हा प्रकार फार दिसतो.

मोजायची रीत. ३० मीटर टेप, दोन माणसं, खडू आणि लाल-पांढरे पट्टे मारलेली एक मीटरची काठी. बाहेरून चारही बाजू, मग *दोन्ही कर्ण*. कर्ण घेतले नाहीत तर कागदावर काटकोनी आलेली खोली जागेवर तिरकी असते आणि घरी गेल्यावर काही जुळत नाही. दारं-खिडक्या एकाच कोपऱ्यापासून सलग मोजा, प्रत्येक वेळी नवीन शून्य धरू नका. एक-एक सेंटिमीटरची चूक साठत जाते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. दीड विटेची भिंत साडेतेरा इंच, गिलाव्यासकट साधारण ३७–३८ सेंमी भरते. फोटो भिंतीच्या बरोबर समोर उभं राहून, काठी भिंतीला टेकवून.

दोन खोल्यांच्या मधल्या सांध्याकडे नीट पाहा. मूळची भिंत असेल तर विटांचे थर एकमेकांत गुंतलेले असतात. मागून जोडली असेल तर वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसते, गिलाव्यातून केसासारखी रेघ उमटते. तिथला निघालेला गिलावा बोटाने चुरा. चुना-सुरखी (चुना आणि विटांची भुकटी) लालसर-पांढरी, नखाने खरवडली जाते. सिमेंट करडं, नखाला दाद देत नाही. मात्र जुन्या चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा फासणं सर्रास झालंय, म्हणून वरचं पाहून निकाल देऊ नका. विटांच्या सांध्यात खोल काय आहे ते पाहा.

कौलं खाली पडलेली असतील तर उलटी करा. मंगलोरी असोत की राणीगंजची, पोटाला कारखान्याचं नाव असतं. त्यावरून माल कुठून आला ते कळतं, इमारतीचं वर्ष कळत नाही. दर काही पावसाळ्यांनी कौलं बदलतात, एकाच छपरात तीन कारखान्यांची मिळतात. आधाराची लाकडं आणि कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे) जास्त विश्वासू.

तो दगडी चौथरा किती उंच आहे? छोट्या लाइनच्या साध्या थांब्यांवर प्रवासी फलाट रुळाच्या पातळीलाच, मुरूम टाकून केलेला असतो. वेगळा उंच दगडी चौथरा म्हणजे बहुधा मालाचा. तिथे वॅगन लागत होती म्हणजे तिथे जास्तीची साइडिंग (वॅगन उभी करायचा बाजूचा रूळ) होती. भिवापूरची मिरची गाडीने जायची असं ज्याला त्याला सांगायला आवडतं, पण तुमच्या स्टेशनातून गेली की नाही हे तो चौथरा आणि साइडिंगच्या खुणा सांगतील.

गेज७६२

चौथऱ्यावरून आठवलं. ते *स्टेशन* होतं की *हॉल्ट*, हे आधी ठरवा. फलकावर ही चूक फार होते. दोन गाड्यांचं क्रॉसिंग होत असेल तर लूप लाइन (एक गाडी बाजूला घ्यायचा दुसरा रूळ), दोन्ही टोकांना सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), सिग्नल, सांधेवाला आणि मास्तर हे सगळं लागतं. हॉल्टला यातलं काही नसतं. एक रूळ, एक टपरी, कमिशनवर तिकीट विकणारा एजंट, कुठे कुठे तर तिकीट गार्डच देतो. अनेक ठिकाणी आधी क्रॉसिंग स्टेशन होतं आणि पुढे लूप उखडून त्याचा हॉल्ट केला. कमीपणाची गोष्ट नाही, पण "मोठं जंक्शन होतं" असं लिहू नका राजेहो.

जागेवर ओळखायचं असं. इमारतीसमोरची सपाट पट्टी दोन्ही बाजूंना चालत जाऊन पाहा. एका रुळापुरती अरुंद असलेली भरावाची रुंदी स्टेशनाजवळ फुगते आणि पुन्हा आवळते का? जिथे फुगायला सुरुवात होते तिथे सांध्याची जागा. तिथे पाय रोवून आजूबाजूला काँक्रीटचे ठोकळे, तारेच्या कप्प्या, कापलेल्या लोखंडी खांबाचा बुंधा शोधा, ते सिग्नलचं सामान. खडीत स्लीपरचे ठसे राहिले असतील तर लांबी मोजा. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर दीड मीटरचा. ब्रॉडगेजचा पावणेतीन मीटरचा असतो, त्यामुळे नव्या कामाची खडी आणि जुनी खडी यांत गल्लत होणार नाही. पोलादी स्लीपर कुठे गोठ्याच्या दारात किंवा नाल्यावर टाकलेला दिसला तर तोही उलटा करून पाहा, त्यावरही शिक्का असू शकतो.

जवळच्या पुलाच्या भिंतीही पाहा. पूरपातळीची रेघ आणि तिच्याशेजारी वर्ष रंगवायची रेल्वेत पद्धत आहे. पुलाचा क्रमांकही टिपून ठेवा, कागद मागताना कामी येतो.

कडबीचौक

दोन गोष्टी, मग मी गेलो.

फिशप्लेट (दोन रूळ जोडायची पट्टी), चाबी (रूळ पक्का धरणारी पाचर), स्लीपर, काही म्हणजे काही घरी आणू नका, "पंचायतीत ठेवू" म्हणूनही नाही. रेल्वेच्या मालमत्तेचा १९६६चा कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. भंगारवाला सुटून जाईल, इतिहासवाला सापडेल. जागेत शिरायलाही १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, तेव्हा आधी लेखी परवानगी घ्या. बाजूला कंत्राटदाराचं काम सुरू असेल तर जास्तच. वस्तू पाहायच्याच असतील तर मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ पासून.

दुसरं, जुन्या कागदांत नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग सांभाळा. इंग्रज आपला 'ड' 'आर'ने लिहायचे. उमरेडचं 'उमरेर', नागभीडचं 'नागभीर'. 'डी' घालून शोधलं तर हाती काही लागत नाही आणि माणूस म्हणतो रेकॉर्डच नाही. तुमच्या गावाच्या नावात ड किंवा ढ असेल तर दोन्ही तऱ्हेने शोधा. 'पवनी रोड'सारखं 'रोड' जोडलेलं नाव दिसलं तर गाव स्टेशनापासून लांब आहे असं समजायचं.

सातबारावाला

कागदांचं सांगतो. सुरुवात रेल्वेपासून नाही, तहसिलीपासून करा. ते जवळही आहे आणि स्वस्तही.

रेल्वेने जमीन घेतली की ती गावच्या नकाशात पट्टा म्हणून दिसते. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. रुळाचा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा असतो, स्टेशनाजवळ तो रुंद होतो. रुंद भागाचा गट क्रमांक बाजूच्या शेतांच्या क्रमात बसत असेल, तर ती जमीन पहिल्यापासून गेली. मूळ क्रमांकाला पोटहिस्सा पडून नंतर रेल्वेकडे गेला असेल, तर स्टेशनासाठी जादा जमीन मागाहून घेतली. आपल्या नागपूर विभागात जुन्या बंदोबस्ताच्या मिसली (जमीन महसुलाच्या फायली), १९५४-५५चे अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात. अर्जात गाव, तहसील आणि *जुना* क्रमांक लिहा. आजचा गट क्रमांक देऊन जुनी मिसल मागितली की "आढळ होत नाही" असा शिक्का मारून अर्ज परत येतो. जुना-नवा जुळवणारा तक्ता आधी मागून घ्या.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे: उमरेड ५५ पी/५ मध्ये येतं, कुही ५५ ओ/८, नागभीड ५५ पी/१०. भिवापूर पी/५च्या पूर्व कडेला आहे, म्हणून शेजारचा पी/९ पण घ्या. जुनी आवृत्ती मैलाला एक इंच, नंतरची १:५०,०००. ज्या आवृत्तीत स्टेशन नाही आणि पुढच्या आवृत्तीत आहे, त्या दोघींच्या मधे तुमची तारीख. मात्र समासातलं *सर्वेक्षणाचं* वर्ष घ्या, छपाईचं नाही. दोघांत पुष्कळ वर्षांचं अंतर असू शकतं. जिल्हा गॅझेटियरच्या मागे लागणार असाल तर हे ध्यानात ठेवा: नागपूरचं जुनं गॅझेटियर १९०८ मध्येच छापलंय, म्हणजे लाइन सुरू झाल्यानंतरचं त्यात काही मिळणार नाही.

मग माहितीचा अधिकार. नागपुरात रेल्वेचे *दोन* मंडल आहेत, मध्य रेल्वेचं आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. तुमची लाइन दुसऱ्याकडची. अर्ज मध्य रेल्वेकडे गेला तर कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत पुढे पाठवायला हवा, पण तो खेळ कशाला? फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "स्टेशनचा इतिहास द्यावा" असं लिहाल तर "अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे एका ओळीचं उत्तर येईल. कागदाचं नाव घेऊन मागा: स्टेशनचा यार्ड प्लॅन, म्हणजे रूळ-इमारतींचा नकाशा (सर्व आवृत्त्या, बदलांच्या नोंदीसह), लँड प्लॅन, त्या विभागाचा इंडेक्स प्लॅन, स्टेशन वर्किंग रूल्स, पूल क्रमांक अमुकची पूल-नोंदवहीतली पानं, थांबा सुरू वा बंद केल्याची अधिसूचना. सोबत "कागदपत्रांचं अवलोकन करायचं आहे" हे वाक्य टाकाच. पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये, आणि गठ्ठा समोर आला की न मागितलेला कागदही नजरेला पडतो. वीस वर्षांहून जुन्या माहितीला नकार द्यायची बहुतेक कारणं कलम ८(३) ने गळून पडतात, ते कलम अर्जातच लिहा.

यार्ड प्लॅनचा खरा माल खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो: बदलांचा तक्ता. लूप काढली, खोली वाढवली, साइडिंग उखडली, प्रत्येकाची तारीख आणि सही.

बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्यालय कोलकात्याला गार्डन रीचला होतं. नागपूरने "आमच्याकडे नाही" असं *लेखी* दिलं की ते उत्तर जोडून दुसरा अर्ज तिथे करा.

उमरेडपार

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. पाटीच्या खांबावर उठावाची अक्षरं आहेत हे खरं, संध्याकाळी टॉर्च घेऊन जाऊन राहिलो, बाहेरूनच. परवानगीचा अर्ज आज दिला.

गावात एका घरी जुनं पुठ्ठ्याचं तिकीट मिळालंय. आमच्या स्टेशनपासून इतवारी, 'थर्ड', भाडं पैशांत, अंतर किलोमीटरमध्ये, रेल्वेचं नाव इंग्रजीत एस.ई. याचा उपयोग होईल का? म्हाताऱ्यांना काय विचारावं तेही सांगा, सगळे "लई जुनं" एवढंच म्हणतात.

गेज७६२

उपयोग? तुमचा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. एस.ई., म्हणजे साउथ ईस्टर्न रेल्वे, हे नाव १ ऑगस्ट १९५५ पासूनचं. त्याआधी १९५२ पासून ईस्टर्न आणि त्याआधी बी.एन. (बंगाल नागपूर). साउथ ईस्टर्न हे नाव इथे २००३ पर्यंत चाललं, मग इथे दक्षिण पूर्व मध्य आली. पैसे आले १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधीचं असतं तर आणे असते. आणि तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. म्हणजे तिकीट १९५७ ते १९७४ मधलं. छापील नावाचं तिकीट विकलं जात होतं म्हणजे त्या काळात तिथे विकणारा माणूस होता, मास्तर असो की एजंट.

आता नेमकी तारीख. ती शाईने नसते, यंत्रात दाबलेली असते, तिकिटाच्या टोकाला. पुन्हा तोच तिरपा टॉर्च.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका, खुणेच्या घटना द्या: बहात्तरच्या दुष्काळात गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं का? चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात इथे कोण कामावर होतं? आणीबाणीत पाटी कोणत्या रंगाची होती? माजी गँगमन किंवा चाबीवाला (रुळांची देखभाल करणारे) सापडला तर दहा गावकऱ्यांपेक्षा तो बरा, त्याला हद्द किलोमीटरसकट पाठ असते. दोघांना एकत्र बसवून विचारू नका, दुसरा पहिल्याचंच साल सांगतो.

उमरेडपार

टॉर्च मारला. आकडे दाबलेले आहेत. शेवटचे दोन म्हणजे ६ आणि मग ३ किंवा ८, कड झिजली आहे.

चुनासुरखी

तिकिटाच्या मागून पाहा, दाब मागे उमटलेला असतो, आकडा आरशातल्यासारखा उलटा दिसेल. ८ला डावी बाजू बंद असते, ३ला उघडी. मागून पाहताना अर्थात उजवी.

उमरेडपार

मागून उजवी बाजू उघडी आहे. त्रेसष्ट.